अळणीची अकरा वर्षं

"टोकाच्या पडद्याले बोट लावू नको, आई. बाकी पाह्यचं तेवढं पाह्य," असं प्रज्वलनं आल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून सत्यभामाबाईंनी त्या पेनासारख्या नळीला लांबूनच हात जोडले होते. त्यांचा हा धाकटा मुलगा एम.एस्सी. करत होता आणि उंद्रीतल्या विहिरींचं पाणी तपासायला नळी घेऊन आला होता. टोकाला प्लॅस्टिकचा पातळ पडदा. पाण्यात विरघळलेल्या साऱ्या गर्दीतून तो एकट्या सोडियमलाच ओळखायचा. सोडियम मिठात असतं, असं त्यानं समजावलं. बाईंनी त्यातलं 'मीठ' तेवढं ठेवून घेतलं.

चातुर्मासात अळणी जेवायचं त्यांचं व्रत होतं. यंदा अकरावं वर्ष. व्रत मुकाट्यानं करावं म्हणतात; पण मग ते गावाला कळणार कसं? "चव लागते का हो, बाई?" असं कुणी विचारलं की त्या डोळे मिटत. "देवच चव देते. मिठाची आठवणबी येत नाई." भजनी मंडळातल्या सुभद्राबाईंना याच व्रतात चौथ्या दिवशी चक्कर आली होती, हेही त्या न विसरता सांगत.

त्या दुपारी पालकाच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि बाई ताटावरून उठल्या.

"मीठ! भाजीत मीठ हाय!"

अन्नपूर्णा, थोरली सून, स्वयंपाकघरातून धावत आली. उद्या हिवरा आश्रमला तिच्या भाचीचं बारसं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

"म्या नाई टाकलं, आत्याबाई."

"मंग का उडून आलं? माहेराची घाई, ध्यान कुठी जाग्यावर हाय तुहं! ठेव थे पिशवी आत."

आरडाओरडा ऐकून भजनी मंडळ ओसरीवर जमलं. सुभद्राबाई सर्वांत पुढे. ऐकायला माणसं मिळाल्यावर बाईंचा आवाज आणखी चढला. "प्रज्वल, आण तुही नळी. सुनेची चूक नाई निघाली, तं मी सोता इची पिशवी उचलून इले हिवऱ्याले नेऊन देईन!"

प्रज्वलनं ताटातली भाजी पाण्यात कालवून नळी बुडवली. नळीवरचा आकडा चढत गेला.

"पाह्यलं?" बाई गरजल्या.

"थांब, आई. पालकात सोताचंबी असते." त्यानं कच्चा पालक वाटून पाहिला. थोडं निघालं. दुधात निघालं. विहिरीच्या पाण्यात निघालं. तीर्थातसुद्धा निघालं.

"म्हंजे अळणी कोनाचंच नाई?" सुभद्राबाईंचा चेहरा अकरा वर्षांनी खुलला.

मग बायका घरोघरी पळाल्या आणि आपापल्या अळणी भाजीच्या वाट्या घेऊन आल्या. "माह्यं किती?" "तिच्याहून कमी हाय ना?" भक्ती अशी आकड्यात कधी निघाली नव्हती. जिचा आकडा कमी, ती पदर सावरून ताठ बसे. जिचा जास्त, ती नळीला नावं ठेवी. सर्वांत कमी कशात, असं विचारल्यावर प्रज्वलनं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन दाखवला.

सुभद्राबाई हळूच त्याच्या कानाशी गेल्या. "याच्यात भात शिजते का रे?"

या गडबडीत अन्नपूर्णा दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, पातेल्यातली भाजीबी पाहा ना."

पातेल्यातली भाजी कच्च्या पालकाएवढीच निघाली. ताटातली तिच्या चौदापट.

"म्हंजे मीठ पातेल्यात नाई, ताटात पडलं," प्रज्वल म्हणाला. "वहिनीनं वाढलं, मंग ताट निवेदाले देवघरात गेलं. तिथं देव आन् बाबा, दोघंच होते."

"देव कशाले मीठ टाकन?" बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

पेपराआडून बाईंचे यजमान रंगराव खाकरले. "रोज चिमूटच टाकतो. आज हात सैल पडला."

"रोज? कवापासून?"

"पहिल्या वर्षीच्या चौथ्या दिवसापासून. तीन दिवस तू अळणी जेवली, सत्यभामे. तेवढ्यात दोन गडी पळाले, दूधवाल्यानं गल्ली बदलली. मंग म्या देवाले इचारलं. थो काई बोलला नाई."

"मंग चव देवानं नाई, रंगरावभाऊनं देल्ली म्हना!" सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. ओसरीवर हशा फुटला.

बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. हात धुतले. डोक्यावरून पदर घेतला. अन्नपूर्णाची पिशवी उचलली. ती चांगलीच जड होती.

"आत्याबाई, द्या ना मी घेते."

"चाल. तीनची येस्टी हाय."

ओसरीवर अजून हसणं चाललं होतं. बाई मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत थांब्याकडे चालू लागल्या.