विकण्यापुरतं फ्रेंच

"पुन्हा म्हण," हेल्मी म्हणाली.

ओलावीने हातातला बटाटा खाली ठेवला, शाळकरी पोरासारखा घसा साफ केला आणि तो फ्रेंचमध्ये म्हणाला, "सदर दूरध्वनी सुस्थितीत आहे."

"पुढचं?"

"आतील सर्व मजकूर पुसला आहे. आपण किती रक्कम द्याल? ही रक्कम अल्प आहे."

"अगदी बरोबर. दुकानदार पहिल्यांदा सांगतो तो आकडा म्हणजे नुसती चेष्टा असते. तू म्हणायचं, अल्प आहे. फारच अडलं तर म्हणायचं, मला विचारास अवधी हवा. आणि सौदा पटला की?"

"हात मिळवायचा. आपल्याशी व्यवहार करून संतोष झाला."

"झालं की! एवढ्या भांडवलावर माणूस घर विकेल."

"आणि तो दुसरंच काही बोलला तर?"

"बोलू दे. फ्रेंच माणूस आहे, बोलणारच. तू आपली वाक्यं सोडू नकोस."

फिनलंड सोडून दोघं फ्रान्समधल्या लिमोजजवळच्या या गावात आले त्याला तीन वर्षं झाली होती. हेल्मी महिन्याभरात गावच्या बायकांशी भांडण्याइतकं फ्रेंच शिकली. ओलावी मात्र बोट दाखवून पाव आणत होता. तिकडे फिनलंडमध्ये त्याने शेजाऱ्याशी वीस वर्षं नुसती मान हलवून संबंध ठेवले होते, आणि ती दोस्ती गावात घट्ट समजली जायची. आज हेल्मीने निक्षून सांगितलं होतं, की जुना फोन विकायला तो एकटा जाईल.

सकाळीच ओलावीने फोन पुसून कोरा केला आणि कोटाच्या खिशात टाकला. निघताना त्याला टेबलावर फोन दिसला. 'बघा, विसरलोच असतो!' असं म्हणून त्याने तोही उचलला. दोघांचे फोन एकाच दिवशी घेतलेले, एकाच रंगाचे. घात तिथेच झाला.

जुने फोन घेणाऱ्या माझोच्या दुकानात म्हाताऱ्या पेरिशू बाई आपल्या फोनची बॅटरी बदलून घ्यायला बसल्या होत्या. ओलावीने दोघांना बोंजूर केलं, फोन काउंटरवर ठेवला आणि पहिलं वाक्य ठणठणीत म्हटलं.

"अहो, आजोबांनी काय काळजी घेतलीय बघा," माझो म्हणाला. "साठ युरो देतो."

"ही रक्कम अल्प आहे."

"बरं, जरा आत बघू तरी." माझोने फोन उघडला. त्याचं बोट पडद्यावर चार वेळा फिरलं आणि पाचव्यांदा हवेतच थांबलं. त्याने डोळे बारीक केले. मग फोन हळूच छातीशी धरला, पत्त्यांचा डाव धरतात तसा. "दीडशे."

ओलावीला आकडे कळत. वाक्यात एवढा दम असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ओळखपत्र द्या, नोंद करावी लागते," माझो घाईने म्हणाला आणि हाताने कार्डाची खूण केली. ओलावीने कोटाच्या खिशात हात घातला. पासपोर्टाबरोबर एक फोन बाहेर आला. कोरा. त्याचा.

ओलावीच्या पायाखालची जमीनच सरकली. माझोच्या छातीशी होता तो हेल्मीचा फोन! आणि त्या फोनात होता जंगलाचा नकाशा, ज्यावर तिने तीन शरद ऋतू पहाटे एकटीने हिंडून तपकिरी अळंबीच्या खुणा केल्या होत्या. या भागात बाप मरताना पोराला घर देतो, जमीन देतो, पण अळंबीची जागा विचारली की मुद्दाम लवकर प्राण सोडतो. ओलावीलासुद्धा हेल्मीने तो नकाशा लांबूनच दाखवला होता.

फोन परत मागायला हवा होता. ओलावीने डोक्यातली सगळी वाक्यं झाडून पाहिली. सगळीच्या सगळी विकायची! परत घ्यायचं एकही नाही.

त्याने स्वतःचा फोन पुढे सरकवला आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो नको," माझो म्हणाला. "हाच बरा आहे."

"ही रक्कम अल्प आहे!" ओलावी कळवळून म्हणाला. नकार म्हणून त्याच्याजवळ तेवढंच होतं.

"अडीचशे! पण बस्स हं, आजोबा."

ओलावी काउंटरवर ओणवा झाला. आतला मजकूर, मजकूर मोलाचा आहे, हे सांगायला मजकूर हा शब्द असलेलं एक वाक्य त्याला येत होतं. काउंटरवर मूठ आपटून त्याने ते म्हटलं, "आतील सर्व मजकूर पुसला आहे!"

"हो हो, पुसलाय! कोरा करकरीत आहे!" माझो फोन पाठीमागे नेत म्हणाला.

"कोरा?" पेरिशू बाई काठी टेकत उठल्या. त्यांची खुर्ची माझोच्या पाठीमागेच होती. "मग तिथे ती अळंबी काय तुझ्या बॅटरीवर उगवलीय? माझो, लबाडा, तो नकाशा आहे! साहेब, मी तीनशे देते."

"बाई, तुमच्या गुडघ्यांना जंगल झेपणार आहे का?"

"नातवाच्या पाठीवर बसून जाईन. साडेतीनशे!"

"मला विचारास अवधी हवा," ओलावी पुटपुटला आणि फोनकडे झेपावला.

"घ्या की अवधी! इथेच घ्या!" माझोने दाराला कडी घातली, ओलावीला स्टुलावर बसवलं आणि हातात कॉफी दिली. "चारशे."

"साडेचारशे," बाई म्हणाल्या. "आणि वर बदकाच्या मांसाची बरणी."

"ही रक्कम..." ओलावीचा आवाज चिरकला.

"ऐकलंत? पक्का व्यापारी आहे! थंड डोक्याचा!" माझो कपाळ पुसत ओरडला. "सहाशे! शेवटचं!"

पेरिशू बाईंनी हताश होऊन पर्स मिटली. ओलावीने फोन हिसकावायला हात पुढे केला. माझोने तोच हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. आणि ओलावीच्या तोंडाने, हात हलताच, हेल्मीने घोटवून घेतलेलं वाक्य त्याला न विचारता बाहेर टाकलं,

"आपल्याशी व्यवहार करून संतोष झाला."

झालं. माझोने चेक फाडून हातात दिला, नोंदीवर सही घेतली आणि दुकान बंद करून टोपली शोधायला गेला.

घराकडे येताना ओलावी गावातल्या प्रत्येक बाकावर बसला. शेवटी बाक संपले.

"किती आले?" हेल्मीने विचारलं.

"सहाशे."

"त्या डबड्याचे?"

"डबड्याचे नाही." त्याने आपला फोन टेबलावर ठेवला. "तुझ्या फोनचे. नकाशासकट."

हेल्मीची सुरी कांद्यावर थांबली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, ती आज संपली, असं ओलावीला वाटलं.

"वेडा रे वेडा," ती म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरू लागली. "ज्या जागा खऱ्या आहेत त्या डोक्यात आहेत माझ्या. फोनात कोण ठेवतं? त्या खुणा तिथल्या, जिथे मला काहीच मिळालं नाही. पुन्हा उगीच पाय झिजवायला नकोत म्हणून केलेल्या. सहाशे! जाऊ दे त्याला चिखल तुडवायला!"

त्या रात्री दोघांनी चांगली वाइन उघडली. पाऊसही पडत होता.

रविवारी दुपारी दारावर थाप पडली. बाहेर माझो होता, गुडघ्यांपर्यंत चिखल, कानापर्यंत हसू. त्याने टोपली हेल्मीच्या हातात दिली. आत अळंबी होती, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढी एकेक, घट्ट, सुगंधी.

"तुमच्या यजमानांना भेट," तो म्हणाला. "गाडीत अजून अकरा टोपल्या आहेत. बाई, असलं पीक माझ्या आजोबांनीसुद्धा पाहिलं नसेल!"

हेल्मीने एक अळंबी उचलली, उलटीपालटी केली, हुंगली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्या नकाशात साठ-सत्तर खुणा होत्या. जिथे पुन्हा जायचं नाही ती जागा लक्षात कोण ठेवतो?

"कुठे?" तिने विचारलं. "कुठल्या खुणेपाशी? ओढ्याच्या अलीकडे? की त्या पडक्या गिरणीमागे? सांगा ना, माझो साहेब!"

माझोचं हसू मावळलं. तो एक पाऊल मागे सरकला, ओलावीला बाजूला घेऊन हळू, दुःखी आवाजात म्हणाला,

"साहेब, तुम्ही इतके सभ्य गृहस्थ. बाईसाहेब चारचौघांत असलं काही विचारतात, हे तुम्ही कसं खपवून घेता?"