काळीची गादी

बसायच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. मी सोफे बनवतो. गादीवर नुसता तळहात ठेवला की आतला फोम कोणता ते सांगतो. म्हणून क्रूझर मोटरसायकल घ्यायचं ठरलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "तू फक्त मागे बस. पारख माझी."

"आणि कंबर माझी," ती म्हणाली. "ती दुखली तर आपली स्कूटर बरी."

एवढं बोलून ती आमच्या सोफ्यावरून जपून उठली. त्याची एक स्प्रिंग जरा वर आली आहे. पण घरचं काम काय, होईल कधीतरी.

शोरूम माझ्या दुकानाच्या अगदी समोर. तिथे दोन मॉडेलं होती. तांबडी ऐसपैस, मऊ, पण वळवायला भरलेली हातगाडी. काळी मात्र काय देखणी! लांब, बुटकी, हँडल धरलं की छाती आपोआप पुढे येणार. वळणावर तर मी ठरवायच्या आधीच वळली. त्यात विक्रेता कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, हे मॉडेल बंद झालंय. ही शेवटची." झालं, माझा जीव तिच्यात अडकला.

बायकोला मागे बसवून काळीवर चक्कर मारून आलो, तर ती कंबर धरूनच उतरली.

"अहो, ही कंबर ना..."

"कळलं," मी हात वर केला. "दोष गादीचा आहे. आत्ता काढतो."

"साहेब, आधी पैसे भरा," विक्रेता म्हणाला.

"आधी हिची कंबर हो म्हणू दे."

शोरूमचे मालक मीच बनवलेल्या सोफ्यावर रेलून बसले होते. त्यांनी मान डोलावली. मी दुकानातून फोम, कात्री, दाभण आणलं, गादी उसवली आणि कामाला लागलो. बायको मध्येच काही सांगायला आली. मी दाभण दाखवून तिला गप्प केलं. कारागीर कामात असताना बोलू नये.

शेवटचा टाका घातला तेव्हा भोवती चांगली गर्दी जमली होती. त्यात तांबडीपाशी घुटमळणारे एक दातांचे डॉक्टर होते. माझ्यातला कलावंत जागा झाला.

"या डॉक्टर, बसून तर बघा."

डॉक्टर बसले. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा एवढंच म्हणाले, "कार्ड चालेल ना?"

"डॉक्टर, ही गाडी माझी आहे," मी म्हणालो.

"पैसे भरलेत का साहेब?" विक्रेत्याने विचारलं. फार नम्रपणे विचारलं, ते जास्त लागलं. डॉक्टर शेवटपर्यंत गादीवरून उठले नाहीत. सह्यासुद्धा त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर कागद ठेवून केल्या.

आम्ही स्कूटरवरून घरी आलो. दारात बायको पुन्हा कंबर धरून उतरली.

"आता स्कूटरनेही दुखली?"

"अहो, सकाळपासूनच दुखतेय. तुमच्या त्या स्प्रिंगने. तेच तर तिथे सांगत होते, पण तुम्ही बोलू द्याल तर ना. काळीवर उलट जरा बरं वाटलं. मी घ्या म्हणणार होते."

मी आत गेलो आणि सोफ्यावर बसलो. नेमका स्प्रिंगवर.