शेटेकाकांचे सतरा सेकंद

शेटेकाका कधीच नुसतं ‘येतो’ असं म्हणत नाहीत. ते ‘सहा वाजून अकरा मिनिटांनी येतो’ म्हणतात, आणि सहा वाजून अकरा मिनिटांनी तुमची बेल वाजते. सहा-नऊला पोचले तर बाहेर गाडीत बसून राहतात. एकदा मी खिडकीतून पाहिलं आणि दार उघडून म्हटलं, “काका, या ना आत!” काकांनी काच दोन बोटं खाली केली. “अजून दोन मिनिटं आहेत,” म्हणाले आणि काच वर केली. बाहेर अमेरिकेतल्या चँडलर गावचा जून महिना होता. स्टिअरिंगला हात लावायचा तर मध्ये टॉवेल धरावा लागतो, असा.

दोन हजार चार साली मी नागपूरहून थेट या वाळवंटात येऊन पडले. उन्हाचं मला काही वाटलं नाही, पण माझ्याकडे लायसन्स नव्हतं. शेटेकाका माझ्याच ऑफिसात, दोन मजले वर, आणि राहायला दोन गल्ल्या पलीकडे. मूळचे मिरजेचे, वय पंचावन्नच्या आसपास. त्यांनी आपण होऊन सांगितलं, “मुग्धा, उद्यापासून तू माझ्याबरोबर. सात बावीसला बाहेर ये.” मी सात चोवीसला गेले. ऑफिस येईपर्यंत काकांनी दोन वेळा घड्याळाकडे बघून उसासा टाकला. दुसऱ्या दिवशी मी सात वीसलाच हजर होते.

काकांचं ड्रायव्हिंग म्हणजे शुद्ध शाकाहारी. फ्रीवेवर कायम उजवी लेन. समोरचा दिवा पिवळा व्हायचा नुसता विचार करतोय असं दिसलं तरी काकांचा पाय ब्रेकवर. मागून कुणी हॉर्न वाजवला की म्हणायचे, “जाऊ दे त्याला. आपण बोललो तेवढंच पळायचं.” हे ‘बोललो तेवढंच’ त्यांना सगळीकडे लागायचं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी किती मिनिटं लागतील ते जाहीर केलं आणि नेमक्या त्या मिनिटाला, एक वाक्य अर्धवट ठेवून, खाली बसले. वाक्याचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “ते जास्तीचं होतं.”

अशा माणसाच्या गाडीच्या मागच्या काचेवर एका सोमवारी मला पांढऱ्या रंगात भलामोठा आकडा दिसला. १७.६२. मला वाटलं, गाडी विकायला काढली.

“विकायला नाही,” काका म्हणाले. “शनिवारी रेस होती. बुटाचं पॉलिश आहे. पुसायचं राहिलं.”

मी हसले. ते हसले नाहीत. ते खरंच गाडीच्या रेसला जात होते!

काकूंना विचारलं, तर त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “अगं, तिथे वळायचंसुद्धा नसतं. पाव मैल सरळ जायचं आणि परत यायचं. त्यासाठी पहाटे उठून हे टायरमधली हवा मोजतात. पॉलिशच्या तीन बाटल्या संपल्या, बुटांना थेंब नाही लागला.”

पुढच्या शनिवारी काका मला बरोबर घेऊन गेले. ट्रॅक फ्रीवेपासून फार लांब नव्हता. धुळीच्या मैदानात ट्रेलर, पिकअप ट्रक, घर्रघर्र करणारी इंजिनं आणि त्यांच्यापुढे उघड्या बोनेटांत डोकी घातलेली माणसं. त्यांच्यामध्ये काकांची चार दारांची चंदेरी जपानी गाडी, मागच्या सीटवर टिश्यूचा डबा असलेली. काकांनी डिकी उघडली आणि स्टेपनी, जॅक, छत्री, पाण्याचे कॅन असं सगळं बाहेर काढून सतरंजीवर मांडलं. डॅशबोर्डवरचा गणपती काढून माझ्या हातात दिला. “वजन कमी करायला?” मी विचारलं. “छे. त्यांना कशाला दगदग!”

मग शर्टाची वरची बटणं लावून त्यांनी हेल्मेट घातलं. एवढ्या हळू गाडीला हेल्मेटची सक्ती नव्हती, असं नंतर कळलं.

“हे बघ,” ते म्हणाले, “इथे जोरात पळणाऱ्याचं कौतुक नाही. आपली गाडी पाव मैलाला किती सेकंद घेणार, ते आपणच आधी काचेवर लिहायचं. मी सतरा बासष्ट लिहिलं. शेजारच्याने अकरा लिहिलं, तर मला मधल्या फरकाएवढे सेकंद आधी सोडणार, लहान मुलाला शर्यतीत पुढून सोडतात तसं. मग जो पहिला पोचेल तो जिंकला. पण लिहिलंय त्यापेक्षा लवकर पोचलं, तर बाद!”

“लवकर पोचलं तर बाद?”

“बाद. खोटं बोलला म्हणून. ब्रेकआउट म्हणतात त्याला.” त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला कळलं, की सबंध अमेरिकेत या माणसाला पटलेला कायदा हा एकच असावा.

आणि काका जिंकायचे हो! शेवटी शेवटी ते ब्रेकला हलकासा पाय लावून आकडा नेमका जमवायचे. दिवा हिरवा झाला की त्यांची गाडी किराणा आणायला निघाल्यासारखी निघायची. शेजारचा दैत्य सहा सेकंद जागेवरच धुमसत उभा. मग तो सुटायचा आणि आख्खं स्टँड हादरायचं. पण तो रेषेपाशी पोचायच्या जरा आधी काका ती ओलांडायचे आणि मग, रिकाम्या रस्त्यावर, डावा इंडिकेटर देऊन वळायचे. एकदा मात्र पहिल्याच फेरीत हरले. काकूंनी तांदळाची वीस पौंडांची पिशवी डिकीत तशीच ठेवली होती आणि वरून जुनी चादर टाकलेली. त्या वेळी काका घरी येऊन फक्त एवढंच म्हणाले, “बासमतीने हरवलं.” त्या दिवशी जेवायला त्यांनी भात घेतला नाही.

गाडी त्यांची नव्हती, हे मला डिसेंबरात कळलं. काकू डबा भरत होत्या, मी सहज म्हटलं, “काकांना हे वेड लागलं तरी कुठून?”

काकूंनी आतल्या खोलीकडे बघून आवाज हळू केला. “मानसीची गाडी आहे ती.”

मानसी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पोर्टलंडला नोकरी करते, रविवारी काकूंना फोन करते, एवढं मला माहीत होतं. बाकीचं काकूंनी सांगितलं. मानसी कॉलेजात असताना तिच्या जीन्सच्या खिशात काकूंना ट्रॅकवरची चिठ्ठी सापडली. रेस झाली की प्रत्येकाला वेळ छापलेली अशी चिठ्ठी मिळते. घरात मोठं भांडण झालं. काका म्हणाले, जिवाशी खेळ चाललाय. ती म्हणाली, यू डोन्ट नो एनिथिंग अबाउट मी. तिने रेस सोडली नाही, काकांनी राग सोडला नाही. वर्षभराने नोकरी लागली तेव्हा ती गाडी इथेच ठेवून विमानाने गेली.

“दोन वर्षं झाली, एकमेकांशी बोलत नाहीत,” काकू म्हणाल्या. “तिचा फोन आला की हे आतून ओरडतात, तिला विचार, ऑईल बदललं का. ती म्हणते, त्यांना सांग, हो. मी आपली मधली ऑपरेटर.” गाडी आठ महिने गॅरेजमध्ये पडून होती. मग एक दिवस काकांनी स्वतःची गाडी विकली. ही बसून बसून खराब होईल, म्हणाले, आणि हीच वापरायला लागले. “ट्रॅकवर का नेतात, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर नेली नसती.”

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काका फायनलला पोचले. समोर टुसॉनचा रँडी नावाचा इलेक्ट्रिशियन. त्याची गाडी लालभडक, काचेवर ११.२०. भला माणूस होता. त्याने येऊन काकांशी हात मिळवला आणि म्हणाला, “मिस्टर शेटे, आय हेट रेसिंग यू. यू नेव्हर मेक अ मिस्टेक.” काका लाजून खाली बघायला लागले.

मी गणपती घेऊन कठड्यापाशी उभी. दिवा हिरवा झाला, काका निघाले. मी मनात आकडे मोजत होते. सहा सेकंद आणि वर थोडं झालं, आणि रँडी गोळीसारखा सुटला. अर्ध्या रस्त्यावर लाल गाडी चंदेरी गाडीला गाठायला लागली. दोघं शेवटच्या रेषेपाशी जवळजवळ एकत्र दिसले. काका पुढे होते, वीतभर. मी ओरडले. आणि मग बोर्डावर काकांच्या बाजूला आकडा लागला. १७.६०.

शेटेकाका बोलले त्यापेक्षा दोन शतांश सेकंद लवकर पोचले होते. बाद.

मी धावत गेले. काका गाडी बाजूला लावून आतच बसले होते. मला वाटलं, आता महिनाभर हा माणूस भाताला शिवत नाही. मी शेजारी बसले आणि म्हटलं, “वारा असेल काका मागून.”

“वारा नव्हता. ब्रेक लावलाच नाही मी.” हेल्मेट काढलं, तर चेहरा लालबुंद आणि डोळ्यांत भलतीच चमक. “तो लाल गाडीवाला आरशात मोठा मोठा होत गेला, आणि मला वाटलं, जाऊ दे, पळू या! मजा आली गं!”

पंचावन्न वर्षांचा माणूस हे असं म्हणाला, जणू एखादा गुन्हा कबूल करतोय. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आकडे न बघता दाबले. काकांना फोन कानापासून लांब धरायची सवय, त्यामुळे पलीकडचंही मला ऐकू आलं.

“मानसी, बाबा बोलतोय.”

“बाबा? व्हॉट हॅपन्ड? आई कुठेय?”

“आई ठीक आहे. काही झालं नाही. मी फायनलला हरलो. ब्रेकआउट. दोन शतांश.”

“व्हेअर आर यू?”

“तुझ्या ट्रॅकवर.”

“इन माय कार?”

“तुझ्याच.”

ती हसली की रडली, ते फोनवरून कळलं नाही. मग एकदम रेसवाल्या आवाजात तिने विचारलं, “काय लिहिलं होतं?”

“सतरा बासष्ट.”

“दॅट्स स्लो, बाबा. माझ्याकडे ती सतरा थर्टीसमथिंग करायची.”

“सतरा एकतीस,” काका म्हणाले. “तिसऱ्या फेरीत. समोर हिरवा पिकअप होता. तू निळा शर्ट घातला होतास, आणि जिंकल्यावर खिडकीतून हात बाहेर काढलास. तो काढायचा नसतो.”

“यू वेअर देअर?”

“कुंपणाच्या बाहेर. पार्किंगच्या बाजूला.”

“एकदाच?”

काकांनी समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. धूळ बाहेरून होती. “नाही. सगळ्या वेळी.”

“मग मला हाक का नाही मारलीत?” हे तिने स्वच्छ मराठीत विचारलं.

“मी रागावलेलो होतो ना,” काका म्हणाले.

मी हळूच खाली उतरले आणि आवाज न करता दार लावलं. बाहेर रँडी बक्षिसाचा कप हातात घेऊन काकांना भेटायला येत होता. मी त्याला खुणेने थांबवलं. तो थांबला. आम्ही दोघं त्या धुळीत उभे राहिलो, आणि आत काका मान हलवत ऐकत राहिले.