अम्माला ओळखणारा ग्राइंडर

इळंगोची अम्मा धाकट्या मुलाच्या घरून, इरोडहून, कोइमतूरला आली ती एक पिशवी घेऊन, आणि ती पिशवी तिने उघडलीच नाही. "चार दिवस बघते. करमलं तर राहीन," एवढं सांगून ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. धाकट्याकडे तिला करमलं नव्हतं, कारण त्याची बायको इडलीचं पीठ पाकिटातलं आणायची.

तिने राहावं असं इळंगोला मनापासून वाटत होतं. पण आईला तसं तोंडावर सांगायची त्या घरात पद्धत नव्हती. मग त्याने आपल्याला येत होतं ते केलं. त्याने घरातला, इडलीचं पीठ वाटायचा जुना दगडी ग्राइंडर उघडला.

इळंगो पीळमेडूतल्या एका कारखान्यात पाण्याच्या पंपांच्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा. हाताखालच्या पोरांसाठी तो रोज सकाळी फळ्यावर एक कानमंत्र लिहायचा. 'जुनं पुसण्याआधी त्याची प्रत ठेवा' हा त्याचा आवडता. त्याखाली तो लाल रेघ ओढायचा.

अम्माचे गुडघे दुखत आणि ग्राइंडरचं बटण होतं खाली, मागच्या बाजूला. म्हणून इळंगोने आत एक चिप बसवली आणि ओट्यावर, हाताशी येईल असा खटका लावला. तो दाखवायला तो अम्माला हाक मारणार, तेवढ्यात ती भिजलेल्या उडीद डाळीचं पातेलं घेऊन स्वतःच आली. ती जवळ येताच ग्राइंडर फिरू लागला. ती दचकून मागे सरली, तर थांबला.

"कयल, मी हातसुद्धा लावला नाही गं," अम्मा सुनेला म्हणाली.

कयल पुढे गेली. ग्राइंडर ढिम्म. "अत्तै, मला नाही ओळखत तो."

"कसा ओळखेल? तू त्याच्याकडे कधी बघितलंस? तुझ्या मामंजींनी पहिल्या बोनसमध्ये आणला होता. माझ्या हाताखाली वाढलाय."

इळंगोने खटका दाखवायला नेलेला हात मागे घेतला. अम्मा हसत होती. आल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी तिने पिशवी उघडली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका आपापली डाळ घेऊन हा चमत्कार बघायला येऊ लागल्या. अम्मा एक पाऊल पुढे टाकून दाखवायची, एक मागे. पण ती पाणी प्यायला गेली तरी ग्राइंडर सुरू व्हायचा. एकदा ती खिडकीशी शेजारणीशी बोलत उभी राहिली आणि इकडे रिकामे दगड एकमेकांवर घासून घरभर करपल्याचा वास सुटला. मग एका सकाळी फिरत्या दगडाखालचं पीठ काढायला अम्माने सरळ आत हात घातला, आणि इळंगोने धावत जाऊन प्लग उपटला.

रविवारी ती देवळात गेल्यावर त्याने ग्राइंडर पुन्हा उघडला. चूक लगेच सापडली. चिपचा एक पाय अधांतरी राहिला होता. खटका बंद असताना काय ऐकायचं हे त्या पायाला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो हवेतलं जे येईल ते ऐकत होता. कयल आणि इळंगो घरात रबरी चपला घालत. अम्मा अनवाणी, ओल्या फरशीवरून यायची, आणि त्या पायाला तेवढं पुरत होतं. इळंगोने खटक्याची लांब तार कापून आखूड केली, प्रोग्रॅममध्ये राहिलेली ओळ घातली, जुना पुसून नवा भरला, आणि शीळ घालत हात धुतले.

देवळातून आलेली अम्मा ग्राइंडरजवळ गेली. मागे झाली. पुन्हा गेली.

"अम्मा, आता खटका दाबायचा. हा बघ."

"विसरला मला," अम्मा म्हणाली, आणि जाऊन पिशवीत साड्या भरू लागली. "उद्या इरोडची बस बघ."

इळंगो चूक परत करायला बसला. तार आधी किती लांब होती, कुठून गेली होती, जुन्या प्रोग्रॅममध्ये नेमकं काय होतं, त्याला काही आठवेना. अंदाजाने केलेल्या नव्या चुकीने ग्राइंडर शेजारचा मिक्सर लागला की फिरायचा, पण अम्माला दाद देईना. शेवटी त्याने ऑफिसातल्या जेबराजला फोन केला.

"सर, जुनी प्रत भरा ना."

"प्रत नाहीये."

"सर, फळ्यावर लाल रेघ..."

"माहीत आहे रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी इळंगो मागच्या गॅलरीत, दाराच्या पडद्याआड उभा होता. ओट्यावरचा खटका आता लांब तारेने त्याच्या हातात आला होता. अम्मा जवळ आली, त्याने दाबला. मागे सरली, सोडला. भांड्याकडे तिचा हात जाताच आधी सोडला.

"आली बाई ओळख," अम्मा म्हणाली, आणि बसचा विषय निघाला नाही.

तेव्हापासून इळंगो ऑफिसला रोज उशिरा पोचू लागला. फळ्यावर नवा कानमंत्र आला: 'चूक दुरुस्त करण्याआधी चुकीचीही प्रत ठेवा.' पोरांना त्याचा अर्थ लागला नाही, पण त्यांनी तो उतरवून घेतला.

एके सकाळी कयलला नवऱ्याची दया आली. ग्राइंडर घरघरत होता, त्यामुळे कुजबुजायची सोय नव्हती. "अत्तै, रागावणार नसलात तर एक सांगते. हा ग्राइंडर काही तुम्हाला..."

"पडद्याखालून त्याचे पाय दिसतात गं," अम्मा मोठ्याने म्हणाली. "पहिल्याच दिवशी दिसले."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोलले तर जाईल ना ऑफिसला. एरवी आईजवळ इतका वेळ उभा राहतो का तो? त्याचे वडील गेल्यापासून हा मला डोळ्याला नीट दिसला नव्हता. इथे निदान पाय तरी दिसतात." तिने भांड्यात डोकावून पीठ पाहिलं. "उद्यापासून मूठभर जास्त डाळ भिजव."

पडद्याआड इळंगोने घाईने पाय आत ओढले. मग थोड्या वेळाने, खटका तसाच दाबून धरत, त्याने ते पुन्हा होते तिथे ठेवले.