वानखडे सरांच्या सोयरिकी

यवतमाळात नोकरीवर रुजू व्हायला गेले त्या सकाळी मी जिन्यात असतानाच वरून आवाज आला, "बाभुळगावची सोयरीक तुटली. मी कवापासून सांगून राह्यलो, पोरीकडले दारच उघडून नाही राह्यले." मी तिथेच थबकले. पर्समधून नेमणुकीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. सॉफ्टवेअरच लिहिलं होतं, वधूवर सूचक मंडळ नव्हतं.

वर गेले तर गॅलरीत एक गृहस्थ उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी स्लीपर, कानाला फोन. मला बघून त्यांनी हातानेच बसायची खूण केली आणि फोनवाल्याला म्हणाले, "पत्ता वाच. एकेक अक्षर वाच. घाई कायची हाये तुले?" हे आमचे साहेब, वानखडे सर.

मी पुसदची, राठोडांची. तोंडाने फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला राग यायला नको. पहिल्याच दिवशी मी सरांना विचारलं की इथे नक्की काय चालतं. सर अजिबात रागावले नाहीत. उलट त्यांना कोणीतरी विचारावं अशीच त्यांची इच्छा असावी, कारण त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळचं नाव पेपरात यायचं ते वाईट बातमीसाठीच. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा, आणि कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर चढवून झाली तरी शेतकऱ्याला आपल्या मालाला काय लागलं ते कळायचं नाही. आम्ही कापूस घेऊन सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी एक प्रोग्रॅम करत होतो. काट्यावर वजन झालं की प्रोग्रॅमने यवतमाळच्या आमच्या मोठ्या मशीनला त्या घडीचा भाव विचारायचा आणि तो छापून पावती शेतकऱ्याच्या हातात द्यायची. भाव पावतीवर, सर्वांसमोर. आता एका मशीनला दुसऱ्या मशीनला काही विचारायचं तर तिचा पत्ता माहीत पाहिजे, आणि तिकडे कोण काय उत्तर देतं याची ओळख पाहिजे. या जोडणीला पुस्तकात वेब रेफरन्स म्हणतात. वानखडे सर तिला सोयरीक म्हणत.

आणि एकदा सोयरीक म्हटल्यावर माणूस थांबतोय कशाला. ज्या फाइलीत पत्ते लिहून ठेवतात ती कॉन्फिग फाइल म्हणजे बायोडाटा. तिकडच्या मशीनवर काही बदललं आणि आमच्याकडे जुनीच जोडणी राहिली, की सर म्हणत, "त्यायनं घर बदललं अन् तुम्ही जुन्याच दारात नारळ घेऊन उभे." प्रोग्रॅमसोबत लागणारी एखादी फाइल पाठवायची राहून गेली, तर वरात निघाली अन् बँडवाले गावातच राह्यले. या भाषेची इतकी सवय झाली की माझ्या याडीला, म्हणजे आईला, मी फोनवर सांगितलं की आज तीन सोयरिकी जुळवल्या. ती चाट पडली. म्हणाली, आधी स्वतःचं बघ.

गैरसमज काही घरापुरता राहिला नाही. सरांचा आवाज खाली बियाण्याच्या दुकानात ऐकू जायचा. एकदा एक मावशी जिना चढून आल्या आणि पदराखालून मुलीचा फोटो काढून सरांच्या टेबलावर ठेवला. मुलगी एम.ए. झालेली, उंची चांगली, शेतीवाला नको, एवढीच अट. त्या वर्षांत सगळ्यांची हीच अट असे. आम्हाला हसू आवरेना. सरांनी मात्र फोटो नीट पाहिला, चहा मागवला, गोत्र नाही विचारलं, पत्ता मात्र पिनकोडसकट विचारला. आणि खाली दुकानदाराचा शिक्षक भाचा होता, त्याच्याशी खरोखर जमवून दिलं. आमच्या ऑफिसातली पहिल्याच झटक्यात जुळलेली ती एकमेव सोयरीक.

सरांचं एक ठाम मत होतं. जगात बिघाड असा नसतोच, पत्ता चुकलेला असतो. पोट दुखलं म्हणून डॉक्टरकडे गेले तर त्यांनी दिलेली गोळी हातात धरून विचारलं, "हे पोटात गेल्यावर इले पत्ता कोण सांगते?" डॉक्टरांनी म्हणे नंबर लावून बसलेल्या पुढच्या पेशंटला लगेच आत बोलावलं.

पण खरा राग एकाच गोष्टीचा. प्रोग्रॅम लिहिताना आम्ही सोयीसाठी दोन्ही टोकं आपल्याच मशीनवर ठेवायचो. विचारणारीही तीच आणि उत्तर देणारीही तीच. त्या पत्त्याला लोकलहोस्ट म्हणतात, म्हणजे 'इथंच, घरातच'. सर म्हणत, ही मामाच्या घरची सोयरीक. मामाची पोरगी लहानपणापासून पाहिलेली, बोलणी करायला नको, चहापोहे नकोत, सगळं आपोआप जुळतं आणि पोरगं समजतं की आपल्याला मोठी अक्कल आहे. गावाबाहेर गेलं की कळतं. आमचा नीलेश नावाचा सहकारी नेहमी तो घरचा पत्ता बदलायला विसरायचा आणि वर म्हणायचा, माझ्या मशीनवर तर चालते. सर शांतपणे म्हणाले, "तुह्या मशीनवर चालते, मान्य. मंग सारे शेतकरी बंड्या घेऊन तुह्या टेबलावर बोलावू का?" नीलेश आठवडाभर खाली मान घालून फिरत होता.

पुण्याच्या मुख्य कार्यालयाला ही भाषा आवडत नव्हती. तिथले एक साहेब आले होते. ढाणकीच्या जिनिंगवाल्या शेठसमोर बसायचं होतं, म्हणून त्यांनी आधीच बजावलं की ग्राहकासमोर सोयरीक वगैरे नको. सर म्हणाले, बरं, तुम्ही सांगा. साहेबांनी छान बोलून, कागदावर चौकोन-बाण काढून सगळं समजावलं. शेठ मान डोलवत राहिले आणि शेवटी सरांकडे वळून म्हणाले, म्हंजे काय? सर म्हणाले, म्हंजे सोयरीक. शेठ म्हणाले, मंग तसं सांगा ना राजेहो. काम आम्हाला मिळालं.

पण जाताना साहेब जिन्यात बोलून गेले. ढाणकीला खरेदीच्या मुहूर्ताच्या दिवशी प्रोग्रॅम चालला तर यवतमाळचं ऑफिस राहील. नाही चालला तर कुलूप, आणि ज्याला नोकरी हवी त्याने पुण्याला यायचं. मला पुसदहून यवतमाळला पाठवताना याडीने दोन दिवस जेवण सोडलं होतं, तेव्हा पुणं म्हणजे नोकरीच सुटली. सरांना तर पुण्याने आधीही बोलावलं होतं, पगार वाढवून. ते जात नव्हते. का जात नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, पुण्यात माह्या सोयरिकी कोण पाहीन? आम्ही हसलो. त्यांच्याकडून सरळ उत्तर मिळेल अशी कोणाचीच अपेक्षा नसायची.

मुहूर्ताच्या दिवशी सर स्वतः ढाणकीला गेले. मुहूर्त म्हणजे थाट असतो. पहिल्या बंडीची पूजा, नारळ, गाडीवानाला दुपट्टा-टोपी, आणि मग काटा. मी यवतमाळात फोनजवळ बसले होते. फोन आला. नेहमी घर दणाणून सोडणारे सर हळू आवाजात बोलत होते.

बंडी काट्यावर चढली होती, वजन झालं होतं, पण प्रोग्रॅमला भाव मिळत नव्हता, म्हणून पावती निघत नव्हती. मागे बंड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. शेठ म्हणत होते की आपण जुन्या पद्धतीने, भाव नंतर सांगू म्हणून, माल उतरवून घेऊ. दुपट्टा गळ्यात घातलेला तो शेतकरी काही बंडी हलवायला तयार नव्हता. त्याला सरांनीच सांगितलं होतं की भाव छापून मिळणार. आणि पुण्याच्या साहेबांचा शेठच्या फोनवर दोनदा फोन येऊन गेला होता.

"बायोडाट्यात पत्ता बराबर हाये," सर म्हणाले. "मी अक्षर अक्षर वाचला. तरी पोरगं दुसऱ्याच घरी जाऊन राह्यलं. राठोड, माह्या मशीनवर बस. प्रोजेक्ट उघड."

सरांच्या मशीनला हात लावायची कोणाची हिंमत नसायची. मी बसले. फाइलीतला पत्ता खरंच बरोबर होता. मग मी प्रोग्रॅम सुरुवातीपासून ओळ ओळ वाचायला घेतला. फाइलीतून पत्ता वाचला जात होता, आणि लगेच पुढच्या ओळीत तो पुसून त्या जागी दुसरा घातला जात होता. लोकलहोस्ट. इथंच, घरातच. ढाणकीची मशीन बिचारी स्वतःलाच भाव विचारत बसली होती.

ती ओळ नीलेशची असती तर मी तेवढ्यात दोन शिव्या घातल्या असत्या. पण ती सरांची होती. आणि ती भावासाठी लिहिलेलीच नव्हती. प्रोजेक्टमध्ये दोन जोडण्या होत्या. एक भावाची. दुसरीला नाव दिलं होतं सुमन. ती ओळ सुमनसाठी होती, भावाची जोडणी विनाकारण तिच्यामागे ओढली गेली होती.

सुमन हे नाव आम्ही रोज पाहायचो. सरांच्या स्कूटरवर पुढच्या बाजूला लाल रंगात ते लिहिलेलं होतं, आणि नीलेशचं म्हणणं होतं की गाडी जुनी घेतली असेल, आधीच्या मालकाचं राहून गेलं असेल. सरांची बायको मी नोकरीला लागायच्या आधीच आजारपणात गेली, हे मला ठाऊक होतं. तिचं नाव मात्र सरांनी कधी घेतलं नव्हतं.

जोडणी काढण्याआधी ती काय करते हे पाहणं भाग होतं, नाहीतर काढल्यावर दुसरंच काही बंद पडायचं. मी ती चालवून पाहिली. एक पान उघडलं, त्यावर एकच बटण. ते दाबलं. पलीकडून, म्हणजे त्याच मशीनमधून, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठीची एक ओळ आली. "जेवता का? भाजी गार होऊन राह्यली."

दुपारी डब्याच्या वेळी सर दार ओढून घ्यायचे. आम्ही म्हणायचो, साहेबाला आमच्या भाकरीचा वास सहन होत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, कोणाचा ते मलाच कळेना. मी फोन लावला.

"सर, सापडलं. पत्ता घरचाच आहे. फाइलीनंतर पुढच्या ओळीत बदलला जातोय."

पलीकडे बैलांच्या घुंगरांचा आणि माणसांचा आवाज येत होता. मी म्हणाले, "अजून एक जोडणी आहे इथे. तिच्यामुळे झालंय."

"उघडून पाह्यली?"

"हो सर."

मग सर म्हणाले, "काढून टाक बेटा. इथं खरेदीच्या सेंटरवर ते कायले पाह्यजे."

सरांनी मला कधी बेटा म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "ढाणकीला पाठवायच्या प्रतीतून काढते. तुमच्या मशीनवर आहे तसं राहू देते."

"हो," सर म्हणाले. "तिथं राहू दे."

मी ती ओळ काढली, जोडणी काढली, प्रोग्रॅम नव्याने बांधला आणि पाठवला. तिकडे टेलिफोनच्या तारेवरून फाइल मुंगीच्या पावलाने उतरत होती आणि इकडे मी लाइट जाऊ नये म्हणून सगळे देव पाण्यात ठेवले. शेवटी फोन आला तो थेट नेहमीच्या आवाजात. पावती निघाली होती. त्या शेतकऱ्याने भावाचा आकडा शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवला, शेजाऱ्याने हातात घेऊन पुन्हा वाचला, आणि मग कुठे बंडी काट्यावरून उतरली. भाव काही चांगला नव्हता म्हणे. पण छापलेला होता.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला की ऑफिस राहतंय. नीलेशने पेढे आणले. चूक कोणाची होती हे त्याने चार वेळा विचारलं. पत्ता चुकला होता, एवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी नेहमीप्रमाणे दार ओढून घेतलं. मी थोडा वेळ बाहेर बसून राहिले. मग माझा डबा उचलला, दार ढकललं आणि टेबलावर, त्यांच्या कीबोर्डला चिकटून, तो उघडून ठेवला. सरांचा हात माउसवर होता. मी म्हणाले, "सर, उठा. हात धुऊन घ्या."

"काम चालू हाये ना, राठोड."

"असू द्या चालू."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठले, गॅलरीतल्या नळावर हात धुतले आणि समोर येऊन बसले. भाजी याडीने केलेली, बसमधून कालच आलेली. पहिला घास घेतला आणि म्हणाले, मीठ लय झालं. मी म्हणाले, मग ठेवून द्या. सरांनी ठेवली नाही. भाकरी मोडली, पुन्हा भाजी वाढून घेतली, आणि खाली मान घालून जेवताजेवता म्हणाले, "सुमनच्या हातचं बी असंच राहे."