मास्तरांची जांभळी दुपार

सगळं सुरू झालं ते स्टूल हातभर पुढे ओढण्यापासून. गोष्ट एवढीशी. पण माणसाचं नशीब फिरायचं असलं की ते स्टुलावरही फिरतं.

मास्तर म्हणजे शिंपी मास्तर. खाली दुकान, वर घर. दुपारचं जेवण झालं की तुरपाईचं काम घेऊन ते वरच बसत आणि समोर जुना, खोक्यासारखा टीव्ही लावून ठेवत. (मास्तरांचं पोट पुढे सुटलेलं, टीव्हीचं मागे. दोघं समोरासमोर आले की खोलीत तिसऱ्याला जागा उरत नसे.) गळ्यात माप घ्यायची टेप आणि शेजारी नाडीला बांधलेलं एक लोहचुंबक. मोडक्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, चांगलं जाडजूड. एकदा गादीत टाचणी निघाली होती. ती कोणाला आणि कुठे लागली हे सांगण्यात अर्थ नाही, पण मास्तर त्यानंतर बरेच दिवस पालथे झोपले. तेव्हा बायकोने हे चुंबक त्यांच्या गळ्यात घातलं, म्हणजे सांडलेल्या टाचण्या आपोआप वेचल्या जातील. मास्तरांनी त्याला अस्तराच्या कापडाची पिशवी शिवली आणि पुढे ते गळ्यात आहे हेच विसरून गेले. गळ्यात पडलेली तिसरी गोष्ट कोणती, हे ते गिऱ्हाइकांना हळू आवाजात सांगत.

त्यांचं नाव होतं ते रंगांच्या नजरेसाठी. कापड कुठल्याही रंगाचं असो, त्यांचा दोरा त्यात विरघळून जाई. "मशीन काय, कोणीही चालवतं," मास्तर म्हणत, "रंग ओळखायला डोळा लागतो." रीळ मशीनवर चढवायचं, वर जेवायला यायचं, मग पुढचं शिवण, असा त्यांचा नेम. त्यांना वाढून बायको खाली दुकान झाडायला जाई. झाडून आली की मग तिचं जेवण.

तर त्या दुपारी आभाळ भरलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मास्तरांचे डोळे जड झालेले. पडद्यावर कुठलासा समुद्र होता. लाटा नीट दिसेनात म्हणून त्यांनी स्टूल पुढे ओढलं, तुरपाई मांडीवर घेतली आणि वाकून बघू लागले.

समुद्र हळूच जांभळा झाला.

कडेने आधी थोडा, मग भिजलेल्या कापडावर रंग फुटावा तसा सगळा. वरचं आभाळ हिरवं, वाळू गुलाबी. मास्तरांना ते इतकं आवडलं की बराच वेळ हे चुकतंय असं त्यांना वाटलंच नाही. अशा रंगाचं कापड मिळालं तर काय बहार होईल, असा विचार करत ते त्या जांभळ्या पाण्यात गुडघाभर उतरलेही होते. तेवढ्यात पडद्यावर बाई आल्या आणि हिरव्या तोंडाने बातम्या सांगू लागल्या. मास्तर दचकून जागे झाले.

"अगं, इकडे ये! टीव्ही बिघडला!"

बायको आली. मास्तरांनी उठून, बाजूला होऊन तिला जागा दिली. बातम्यांच्या बाई गोऱ्यागोमट्या हसत होत्या.

"काय झालंय? चांगला तर आहे."

"आता हिरवी होती ती!"

"तुमची झोप झाली नाही," असं म्हणून बायको गेली. मास्तर बसले. बाई हिरव्या झाल्या.

मग त्यांनी रंगाचं बटण पिळून पाहिलं, काच पुसली, टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. वाकून चापट मारावी तर रोग वाढे आणि लांब होऊन बघावं तर पेशंट ठणठणीत. शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. मास्तर दाराशी हात बांधून उभे राहिले. त्याने मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, सगळी चॅनेल फिरवली.

"मास्तर, पिक्चर ट्यूब नव्यासारखी आहे. दोष असलाच तर बघणाऱ्यात."

तो हसत हसत म्हणाला, पण मास्तरांनी ते मनावर घेतलं. बायकोला दिसत नाही, कारागिराला दिसत नाही, म्हणजे टीव्ही नाही, आपले डोळे बिघडले! पाय गेले तरी शिंपी बसून शिवेल, पण रंग गेले तर त्याने काय करायचं? मुलीला नुकताच शिवून पाठवलेला आकाशी ड्रेस त्यांच्या डोळ्यांसमोर नाचू लागला. मुलगी परगावी गाणं शिकत होती आणि रविवारी संध्याकाळी टीव्हीवर गाणार होती. तो ड्रेस खरंच आकाशी होता ना? की पोर सगळ्या जगासमोर जांभळी उभी राहणार होती?

कोणाला सांगायची सोय नव्हती. मास्तरांनी युक्ती काढली.

"अगं," दुसऱ्या दिवशी ते अगदी सहज म्हणाले, "या कापडाला कुठला दोरा शोभेल? तूच सांग बघू."

बायकोच्या हातातला झाडू खाली पडला.

"मला विचारताय?"

"मग दुसरं कोण आहे इथे?"

तिने रीळ काढून दिलं, आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवसापासून घरात वसंत आला. ती गुणगुणायला लागली. मास्तर प्रत्येक कापडाला विचारत, ती प्रत्येक कापडाला हसून रीळ देई. "उशिरा का होईना, सुचलं तुम्हाला," असं एकदा म्हणालीसुद्धा. बिचारीला रंगांची ही विद्या येत नाही, मास्तरांना वाटलं, कौतुकाने फुगली आहे. रोज दुपारी ते चोरून टीव्हीसमोर बसत आणि ती जांभळी लाट येताना बघत. भीती वाटे, पण खोटं कशाला बोला, सुंदरही वाटे.

रविवार उजाडला. बायको पलंगावर बसली, मास्तर हट्टाने स्टुलावर, अगदी पुढे. मुलगी पडद्यावर आली. ड्रेस आकाशी! मास्तरांना भरून आलं. नीट बघायला ते पुढे वाकले, आणि ड्रेस जांभळा झाला. चेहरा हिरवा. गेले, डोळे गेलेच. मास्तरांनी टेपच्या टोकाने डोळे पुसले.

"अगं बाई!" मागून बायको किंचाळली. "पोरीचं तोंड हिरवं झालं!"

मास्तर गर्रकन वळले. "तुला हिरवं दिसतंय?"

"मग? आंधळी आहे का मी?"

"ड्रेस जांभळा?"

"जांभळाच!"

"वा! वा!" मास्तर ओरडले आणि आनंदाच्या भरात त्यांनी टीव्हीला कडकडून मिठी मारली. पोर सात रंगांत विरघळली. खट्‌ असा आवाज झाला आणि मास्तर छातीने स्पीकरच्या जाळीला चिकटले.

बायकोने टेप धरून त्यांना मागे ओढलं. पोर आकाशी झाली. टेप हातातून सुटली, मास्तर पुन्हा पुढे गेले, पोर जांभळी झाली. बायकोने पुन्हा ओढलं आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, ते गळ्यातलं काढा! ते चुंबक!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मास्तरांनी चुंबक काढून लांब फेकलं. ते टाचण्यांच्या डबीत पडलं आणि त्याचं साळिंदर झालं. पडदा निवळला. पोरीचा एक कान तेवढा शेवटपर्यंत हिरवा राहिला, पण गाणं सुरेख झालं. दोघंही रडली.

"मला वाटलं, माझे डोळेच गेले," मास्तर मोकळे झाले. "म्हणून तर तुला दोरे विचारत होतो."

बायकोचं रडणं थांबलं. "म्हणून विचारत होतात?"

"नाहीतर मी कशाला विचारतोय?"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मास्तरांनी झडप घातली.

"बाबा! इथे सगळे विचारताहेत, ड्रेस कोणी शिवला? दोरा कुठे आहे तेच दिसत नाही म्हणे!"

"शेवटी डोळा कोणाचा!" मास्तरांनी छाती फुगवली.

"हो ना. आईला द्या की फोन, तिलाच सांगायचंय."

"आईला का?"

"अय्या, आई म्हणाली, तुम्हाला कळलं म्हणून. तुम्ही हल्ली तिलाच विचारता ना?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही जेवायला वर येता," ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा मी दुकान झाडते. झाडता झाडता रीळ बदलते. लग्न झाल्यापासून. तुम्ही एकदाही ओळखलं नाहीत, म्हणून म्हटलं, राहू दे."

आणि फोन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

मास्तरांनी चुंबकाच्या टाचण्या काढल्या, ते गळ्यात घातलं, स्टूल पुढे ओढलं आणि टीव्हीसमोर वाकून बसले. बातम्यांच्या बाई हळूहळू जांभळ्या होत गेल्या. बाहेर अंधारत होतं. मास्तरांना बरं वाटलं. हा एक रंग तरी कोणी न बदललेला, त्यांचा स्वतःचा होता.

"अहो," दारातून बायको म्हणाली, "जरा डावीकडे सरका. तिला जांभळ्यापेक्षा हिरवा शोभतो."

मास्तर सरकले. खरंच शोभत होता.