कझीवरचे पडदे

काराकोल गावातल्या निम्म्या लग्नांत कुबातने गिटार वाजवली होती. अडलं होतं ते फक्त त्याचं स्वतःचं. लग्नात वाजवणाऱ्याला मुलगी देणार नाही, संगीतशाळेत मास्तर झालास तर ये, असं त्याच्या लाडक्या बुरुलच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं. हे कानावर येताच कुबातच्या आपाने, म्हणजे आईने, त्याच संध्याकाळी गल्लीभर सांगून टाकलं की पोरगा मास्तर झाला. आता परीक्षा तेवढी राहिली होती.

परीक्षा सोल्फेजिओची. कागदावरचे सूर बघायचे आणि कुठल्याही वाद्याशिवाय थेट गायचे. कुबातचा कान पक्का होता, पण सूर त्याच्या गळ्यात नव्हते, डाव्या हाताच्या बोटांत होते. बोटांखाली गिटारच्या दांडीवरचा पडदा, निदान नुसती दांडी असली की गळा बरोबर बोलायचा; हात रिकामा असला की बकरी ओरडल्यासारखं व्हायचं. म्हणून त्याने झाऱ्याच्या दांडीवर सराव केला, खराट्यावर केला. एकदा तर मिनीबसमध्ये शेजारच्या आजोबांच्या हातावरच केला. आजोबा उतरताना म्हणाले, "बरं वाटलं रे बाळा. उद्या दुसरा हात दाब."

परीक्षेच्या सकाळी आपाने उकडून गार केलेली कझी, म्हणजे घोड्याच्या मांसाने ठासून भरलेलं हातभर आतडं, त्याच्या काखेत दिली. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नसतं, मग ते परीक्षेचं दार का असेना.

गिटार बाहेरच ठेवून घेतली गेली. आत अर्ध्या गावाला सोल्फेजिओत नापास केलेल्या रिम्मा अर्काद्येव्हना बाई डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी शाळेचे डायरेक्टर ओमुरझाक बाइके, म्हणजे ओमुरझाकदादा. लहानपणी बाईंनी त्यांनाही नापास केलं होतं, आणि आज ते न्याहारी न करता आले होते. कझी नेमकी कधी द्यावी हे न सुचल्यामुळे ती कुबातच्या हातातच राहिली. समोर कागद आला. बोटं आपसूक कझीवर फिरली आणि पहिली ओळ सुरेख उतरली.

बाईंनी डोळे उघडले. "हे काय आहे?"

"कझी आहे, बाई. तुमच्यासाठीच."

"वाद्य आणायचं नाही, असं दारावर लिहिलंय."

"बाई, ते खायचं असतं," डायरेक्टर म्हणाले.

"तो वाजवतोय ते."

यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी डायरेक्टरांनी खिशातून चाकू काढला, वरच्या टोकाची एक चकती कापून खाल्ली आणि वाद्य इतकं चविष्ट नसतं, असा निर्णय दिला. बाईंनी नाक मुरडून दुसरा कागद पुढे केला आणि डोळे मिटले.

कुबात गाऊ लागला. आपला निर्णय पुन्हा तपासून पाहावा म्हणून डायरेक्टर अधूनमधून टोक कापत राहिले. पण टोक गेलं की वरचा पडदाच जायचा. दांडी आखूड झाली की सूर चढायचा. कुबातला ते कळत होतं, पण परीक्षकाला खाऊ नका कसं म्हणणार?

"अर्धा सूर चढलास," बाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. थोड्या वेळाने, "अजून अर्धा." मग जरा थांबून, "ओमुरझाक, हा तुकडा जाड कापलास. अख्खा सूर गेला."

डायरेक्टरांचा घास तोंडातच राहिला. शेवटच्या ओळीला कुबातच्या हातात कझीला बांधलेली दोरी तेवढी उरली होती. तीच दाबून त्याने मांजराच्या आवाजात ओळ संपवली आणि मान खाली घालून उभा राहिला. बुरुल गेली, आपाची अब्रू गेली, कझीही गेली.

"चाकूच्या मागोमाग इतका नेमका चढणारा सूर मी जन्मात ऐकला नव्हता," बाई म्हणाल्या. "गिटार काय, कुणीही शिकवेल. तू माझा सोल्फेजिओचा वर्ग घे. माझे गुडघे आता जिना चढत नाहीत."

लग्न झालं. जावई आता काही वाजवत नाही, याचा बुरुलच्या वडिलांना विशेष आनंद झाला. कुबात वर्गात मुलांना बजावतो, हात पाठीमागे, नुसता गळा. स्वतः मात्र आपाने दिलेली कझी काखेत धरून शिकवतो. डायरेक्टर एकही तास चुकवत नाहीत. चाकू घेऊन पहिल्या बाकावर बसतात आणि म्हणतात, सूर जरा उतरला की मला सांगा.